चुनखडी-शेलच्या थरांची नोंद कशी करावी: सराव गोव्यात, काम कलादगीत

चुनखडी आणि शेल (चिखल दबून झालेला पत्रेदार खडक) यांचे थर स्वच्छ, न मुरडलेले, एकावर एक रचलेले दिसतील अशी जागा गोव्यात शोधत बसू नका. इथला पाया धारवाडी, म्हणजे अतिशय जुन्या, रूपांतरित खडकांचा आहे. गोवा गटातल्या डिचोली फॉर्मेशनमध्ये (फॉर्मेशन म्हणजे नकाशावर वेगळा दाखवता येणारा खडकांचा संच) चुनखडीचे पट्टे आहेत, पण ते रूपांतरित झालेले, घड्या पडलेले, आणि बहुतेक ठिकाणी जांभ्याखाली नाहीतर शेताखाली गाडलेले. म्हणून इथले भूविज्ञानाचे विद्यार्थी चोर्ला किंवा अनमोड घाट चढून बेळगावच्या पलीकडे जातात. लोकापूर-बागलकोट भागात कलादगी खोऱ्याचे थर आहेत, आणखी पुढे कलबुर्गीकडे शहाबाद, वाडी, सेडम या पट्ट्यात भीमा खोऱ्याचे. दोन्ही प्रोटेरोझोइक, म्हणजे शिंपल्यांचे प्राणी यायच्या आधीच्या काळातले. भीमा खोऱ्यात थर बहुतेक आडवे असतात. कलादगीच्या बागलकोट गटात ते कललेले आणि घड्या पडलेले भेटतात.

अशा दौऱ्यांनंतर वह्या चाळल्या की एक गोष्ट हमखास दिसते. चुनखडीवर पानभर मजकूर असतो, शेलवर एक ओळ, आणि दोघांच्या सीमेवर काहीच नाही. खरं तर थर कसे साचले याचा सगळ्यात जास्त पुरावा सीमेवर असतो, त्याखालोखाल शेलमध्ये. चुनखडी टणक आहे, उठून दिसते, आम्ल टाकलं की फसफसते. म्हणून वेळ तिथेच जातो. खालची पद्धत हा तोल सावरण्यासाठी आहे.

घाट चढण्याआधीचा सराव

दोना पावलाच्या किनाऱ्यावर मेटाग्रेवॅक (रूपांतरित मातकट वालुकाश्म) आणि आर्जिलाइट (घट्ट झालेला चिखलाचा खडक) यांचे थर आहेत, सावर्डे फॉर्मेशनचे. ही चुनखडी नव्हे. तरी जाडसर कणांचा थर आणि मातकट थर आलटून-पालटून येतात तेव्हा मोजमाप कसं घ्यायचं, सीमा कशी वाचायची, थर आणि पाटन (दाबामुळे खडकाला आलेली फुटण्याची दिशा) यांत फरक कसा करायचा, हे सगळं तिथे शिकता येतं. मुरगावचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी पोहोचा आणि पाणी फिरलं की वर या. पावसाळ्यात जाऊच नका. तिथे आम्ल वापरायची हौस असेल तर एक ध्यानात ठेवा: खडकाला चिकटलेली कालवं आणि बार्नॅकल चुन्याचीच असतात, ती जोरात फसफसतात. खडक चुनखडीचा आहे असा निष्कर्ष त्यावरून निघाला तर चूक तुमची.

घरच्या घरी सराव करायचा तर शहाबादी फरशी घ्या. जुन्या घराच्या पडवीत, स्वयंपाकाच्या ओट्याखाली ती असतेच. फरशी ओली करून तिरप्या उजेडात बघा. तिच्या कडेवर मिलिमीटरभर जाडीचे पापुद्रे दिसतात, काही तुकड्यांत काळपट नागमोडी रेषाही असतात. पापुद्रा आणि नागमोडी रेषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या कशा ओळखायच्या ते पुढे येईल.

सामान

यादी फार मोठी नाही. भूवैज्ञानिक हातोडा, छिन्नी, दहापट भिंग, क्लिनोमीटर (कल मोजायचं साधन) असलेला कंपास, तीन मीटरचा आणि तीस मीटरचा टेप, दीड मीटरची सरळ काठी, पोलादी चाकू, पाण्याची फवारणी बाटली, मऊ ब्रश, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, पुसलं न जाणारं मार्कर पेन, आलेख कागदाची वही. शेलसाठी एक छोटं पिकास किंवा खुरपं घ्याच. ते न्यायचं कुणाला सुचत नाही, आणि मग शेलवर एकच ओळ लिहून होते.

आम्ल मात्र नीट तयार करावं लागतं. प्रयोगशाळेतलं संहत हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण ३७ टक्क्यांचं असतं. त्याचा एक भाग तीन भाग पाण्यात मिसळला की जवळजवळ १० टक्क्यांचं द्रावण होतं. आधी पाणी, मग त्यात थोडं थोडं आम्ल. उलट केलं तर उष्णतेने उसळून अंगावर येतं. हार्डवेअरच्या दुकानातलं पिवळट ॲसिड किती टक्क्यांचं आहे ते बाटलीवरून खात्रीने कळत नाही, आणि त्यातला लोहाचा अंश नमुन्यावर डाग पाडतो. द्रावण घट्ट झाकणाच्या ३० मिलीच्या प्लास्टिक ड्रॉपर बाटलीत भरा, ती दुसऱ्या डब्यात ठेवा, सोबत खाण्याचा सोडा आणि डोळ्यांवर चष्मा. बस-रेल्वेने जात असाल तर आम्ल बरोबर नेऊ नका, तिथल्या महाविद्यालयाशी किंवा खाणीच्या प्रयोगशाळेशी बोलून आधीच सोय करा. स्वयंपाकघरातला माडाच्या सुरेचा विनेगरही चुनखडीच्या बारीक भुकटीवर हळूहळू बुडबुडे काढतो. घरच्या सरावाला तो पुरतो, कामाला पुरत नाही.

हंगाम दिवाळी ते शिमगा. त्यानंतर बागलकोटकडे उन्हात तापलेल्या खडकावर हात ठेववत नाही.

आधी लांबून

खडकाला नाक लावण्याआधी पंधरा-वीस पावलं मागे या. शक्य असेल तर समोरच्या बांधावर किंवा रस्त्याच्या पलीकडे उभे राहा. कोरड्या प्रदेशात चुनखडी कंगोऱ्यासारखी पुढे येते आणि शेल आत खचतो, त्यामुळे लांबून थर मोजणं सोपं जातं. पण हा कंगोरा मातीचं प्रमाणही दाखवतो. कमी पुढे आलेला, गोलाई आलेला थर बहुधा मातकट चुनखडीचा असतो. तो वेगळा नोंदवा, पुढे आम्लाने तपासता येईल.

याच वेळी एक रेखाचित्र काढा, अर्ध्या पानाचं. त्यावर कड्याची दिशा, अंदाजे उंची आणि रुंदी, उजेड कुठून येतो, झाकलेला भाग कुठे, भेग किंवा विभंग (जिच्यावर थर सरकलेत अशी भेग) कुठे आणि तुम्ही कुठल्या रेषेवर मोजणार ते दाखवा. फोटो याची जागा घेत नाही. फोटोत सावली आणि थर सारखेच काळे दिसतात. चित्र काढताना मात्र प्रत्येक रेषा कसली आहे ते ठरवावंच लागतं.

मोजणीची रेषा निवडताना सर्वांत देखणी जागा घेऊ नका, सर्वांत सलग घ्या. मध्ये विभंग असेल तर थर दोनदा मोजले जातात किंवा गळतात. एखादा ओळखू येणारा थर, म्हणजे चर्टच्या (टणक सिलिका-खडकाच्या) गाठींचा किंवा विशिष्ट रंगाचा, रेषेच्या दोन्ही बाजूंनी आठ-दहा मीटर चालत पाहा. तो सरळ चालू राहिला तर रेषा चांगली. अचानक तुटला किंवा वर-खाली सरकला तर रेषा हलवा.

खाणीत किंवा रस्त्याच्या कापात काम असेल तर मालकाची परवानगी आणि सुरुंगाच्या वेळा आधी विचारा. हेल्मेट घाला, उभ्या कड्याच्या पायथ्याशी बसून लिहू नका. बदामी, पट्टदकल, ऐहोळे हा सगळा संरक्षित वारसा याच खोऱ्यात आहे, तिथे हातोडा आणि आम्ल पिशवीबाहेर काढायचं नाही.

कल आणि खरी जाडी

थराच्या सपाट पृष्ठावर वही ठेवा, वहीवर कंपास. खडबडीत खडकावर कंपास थेट टेकवला की चार-पाच अंशांची चूक सहज होते. स्ट्राइक (थरावरच्या आडव्या रेषेची दिशा) आणि डिप (थराच्या उताराचा कोन) निदान तीन वेगवेगळ्या थरांवर घ्या. ती तीनही मापं लिहा, सरासरी नंतर काढा. हातोडा आणि लोखंडी काठी कंपासपासून दूर ठेवा. या भागात चुंबकीय विचलन (खरी उत्तर आणि कंपासची उत्तर यांतला फरक) जेमतेम एखाद्या अंशाच्या आसपास आहे, त्यामुळे कामाला फारसा फरक पडत नाही. तरी वहीच्या पहिल्या पानावर दुरुस्ती केली की नाही ते लिहून ठेवावं.

थर कललेले असतील आणि जमीन सपाट असेल, तर स्ट्राइकला काटकोनात टेप लावून मिळालेली लांबी ही जाडी नव्हे. ती लांबी गुणिले डिपचा साइन ही खरी जाडी. टेपवर २४ मीटर आणि डिप ३० अंश असेल तर जाडी १२ मीटर. डिप मोठा असताना दोन-तीन अंशांची चूक खपून जाते, पण थर जवळजवळ आडवे असले की तीच चूक महागात पडते. त्याच २४ मीटरला ५ अंश धरले तर २.१ मीटर येतात, ८ अंश धरले तर ३.३. म्हणून भीमा खोऱ्यासारख्या आडव्या थरांत टेपच्या भानगडीत पडू नये. तिथे उभा काप शोधून थेट मोजावं. कललेल्या थरांत चढावर काम असेल तर दीड मीटरच्या काठीला वरच्या टोकाशी क्लिनोमीटर बांधा, तो डिपच्या अंशावर लावा, काठी थरांना काटकोनात धरा आणि थरांच्या कलाला समांतर नजर लावा. नजर जिथे जमिनीला भिडते तिथे दीड मीटर खरी जाडी पूर्ण झाली. खडूने खूण करा आणि काठी तिथे न्या.

थर वेगळे करणे

आता खालून वर सुरुवात करा. वरून खाली नाही. गाळ ज्या क्रमाने साचला त्याच क्रमाने वही भरली पाहिजे, नाहीतर सीमांचं वर्णन उलटं लिहिलं जातं. कलादगीच्या घड्यांमध्ये मात्र आजचा खालचा थर हाच जुना असेल असं गृहीत धरू नका. लाटांच्या खुणांचे टोकदार माथे, चिखलाच्या भेगांची खाली निमुळती होत जाणारी पाचर, स्ट्रोमॅटोलाइटचा (सूक्ष्मजीवांच्या चटयांनी बांधलेल्या थराचा) वर फुगलेला घुमट यांपैकी एक तरी खूण शोधा आणि बाणाने दाखवा.

जाडीला ठरलेले शब्द वापरा. एक सेंटिमीटरपेक्षा पातळ ते पापुद्रे, १ ते ३ सेंमी अतिशय पातळ थर, ३ ते १० पातळ, १० ते ३० मध्यम, ३० ते १०० जाड आणि मीटरच्या वर अतिशय जाड. ‘मोठा थर’, ‘बारीक थर’ असं लिहिलेली वही सहा महिन्यांनी तुम्हालाच उपयोगी पडत नाही. एकाच थराची जाडी रेषेवर बदलत असेल तर कमीत कमी आणि जास्तीत जास्त दोन्ही लिहा: ‘१२ ते १९ सेंमी, डावीकडे निमुळता’.

थर फार पातळ असतील तर प्रत्येकाची वेगळी नोंद जमत नाही आणि गरजही नसते. तेव्हा सारखं वागणाऱ्या थरांचा एक गट करा आणि त्यातल्या एका मीटरची बारकाईने मोजणी करा. त्या मीटरमध्ये चुनखडी एकूण ६८ सेंमी आणि शेल ३२ सेंमी निघाला तर प्रमाण सुमारे २ ला १. हे प्रमाण वर जाताना कसं बदलतं ते पूर्ण कड्याची गोष्ट सांगतं, म्हणून दर काही मीटरला असा एक मीटर निवडा.

चुनखडी

ताजा तुकडा फोडा. वरची राखाडी साय रंगाबद्दल आणि कणांबद्दल दोन्ही खोटं सांगते. रंग दोन लिहा, ताजा आणि हवेने बदललेला, आणि ओला की कोरडा तेही. शक्य असल्यास मन्सेलच्या खडक-रंगतक्त्याचा क्रमांक द्या.

मग चाकू. कॅल्साइट (चुनखडीचं मुख्य खनिज) चाकूने सहज ओरखडतो. चाकूचीच धातूची रेघ खडकावर उमटली तर ते चर्ट किंवा सिलिकाने भरलेली चुनखडी आहे. त्यानंतर आम्ल, पण दोनदा: एकदा ताज्या पृष्ठावर, एकदा चाकूने खरवडून काढलेल्या भुकटीवर. दोन्हीकडे लगेच जोरात फसफसली तर चुनखडी. पृष्ठावर जवळजवळ काही नाही आणि भुकटीवर हळू बुडबुडे, तर डोलोमाइट (चुनखडीसारखाच, पण मॅग्नेशियम असलेला खडक). हे दोन टप्पे न करता नुसतं ‘आम्लाला प्रतिसाद आहे’ लिहिलं की कलादगीतल्या डोलोमाइटची चुनखडी होते. फेस विरल्यावर थेंबाखाली काय उरलं तेही बघा. स्वच्छ ओला डाग उरला तर खडक शुद्ध. चिखलाचा राखाडी लेप उरला तर माती आहे.

भिंगाखाली कण दिसतात का ते ठरवा आणि डनहॅमचं १९६२ मधलं चुनखडीचं वर्गीकरण लावा. त्यात पहिला प्रश्न हा की खडकात चुन्याचा चिखल आहे का, आणि दुसरा, कण एकमेकांवर टेकलेत की चिखलात तरंगतायत. चिखलात १० टक्क्यांपेक्षा कमी कण असतील तर मडस्टोन, जास्त असून तरंगत असतील तर वॅकस्टोन, टेकलेले पण मध्ये चिखल तर पॅकस्टोन, चिखलच नसेल तर ग्रेनस्टोन, आणि साचतानाच जैविक चटईने बांधलेला असेल तर बाउंडस्टोन. डनहॅमचा मडस्टोन म्हणजे चुन्याचा चिखल, शेलच्या कुळातला मडस्टोन म्हणजे मातीचा. वहीत नेहमी ‘चुनखडी, मडस्टोन पोताची’ असं लिहा म्हणजे घोळ होत नाही. कण दिसत नसतील तर फुटलेला पृष्ठभाग ओला करा, किंवा त्यावर आम्लाचा एक थेंब टाकून पाच सेकंदांत धुवा. पृष्ठभाग किंचित कोरला जातो आणि कण उठून येतात.

शिंपले शोधण्यात वेळ घालवू नका. या खोऱ्यांच्या काळात शिंपल्यांचे प्राणीच नव्हते. गाळ उकरणारे किडेही नव्हते, म्हणून इथले पापुद्रे इतके शाबूत आहेत. बघायचं ते स्ट्रोमॅटोलाइटचे घुमट आणि सुरकुतलेल्या पापुद्र्यांच्या चटया, लाटांच्या खुणा, तिरपे पापुद्रे, फाटून पुन्हा गाडले गेलेले चपटे चुनखडीचे तुकडे, चर्टच्या गाठी. घुमट दिसला तर रुंदी, उंची, शेजारच्या घुमटाशी जोडलेला की सुटा, एवढं मोजा.

आणि त्या नागमोडी काळपट रेषा. त्या स्टायलोलाइट. दाबाखाली चुना विरघळून जातो आणि न विरघळणारी माती त्या रेषेवर गोळा होते. उघड्या कड्यावर त्या रेषेतून पाणी शिरतं, खडक तिथेच सुटतो आणि ती हुबेहूब शेलच्या पातळ पापुद्र्यासारखी दिसते. फरक असा: स्टायलोलाइटला करवतीसारखे दात असतात, ती कणांना आणि पापुद्र्यांना कापून जाते, आणि तिची जाडी सहसा मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या आत राहते. शेलचा पापुद्रा शेजारच्या थरांना समांतर, बिनदाती. स्टायलोलाइट शेल म्हणून मोजल्या तर थरांची संख्या फुगते आणि चुनखडी-शेल प्रमाण चुकतं.

शेल

शेलच्या पृष्ठावर जे दिसतं ते बहुतेक वेळा कचरा असतो. पिकासाने किंवा खुरप्याने १५ ते २० सेंमी आत खणा, थरांना काटकोनात, तळहाताच्या रुंदीची खाच करा, ब्रशने साफ करा. आता पाहा. हे दर थराला करावं लागतं, कंटाळवाणं आहे, आणि बहुतेक वह्या इथेच कच्च्या राहतात.

पहिला प्रश्न, तो फुटतो कसा? चाकूचं टोक घातल्यावर पातळ पत्रे सुटत असतील तर शेल. ओबडधोबड ढेकळं निघत असतील तर मडस्टोन. पत्र्यांची जाडी मोजा. पण हे फुटणं हवेने वाढतं, त्यामुळे आतला ताजा तुकडा घट्ट आणि बाहेरचा पत्रेदार असं होऊ शकतं, दोन्ही लिहा. ज्या दिशेने पत्रे सुटतात ती दिशा रंगांच्या पट्ट्यांना समांतर आहे ना हेही बघा. ती पट्ट्यांना छेदत असेल तर ते थर नव्हेत, पाटन आहे. घड्या पडलेल्या भागात आणि दोना पावलाच्या आर्जिलाइटमध्ये ही चूक फार होते, आणि मग डिपही चुकीचा मोजला जातो.

दुसरा, किती बारीक? स्वच्छ, आतल्या तुकड्याचा अगदी छोटा कण दातांमध्ये घासा आणि थुंका. करकर लागली तर सिल्ट आहे, साबणासारखा लागला तर निव्वळ चिकणमाती. सिल्टचे कण १/१६ ते १/२५६ मिलिमीटर, भिंगाला दिसत नाहीत, दातांना कळतात. खाणीच्या धुळीत आणि गुरांच्या वाटेवर हा प्रयोग अर्थातच टाळा. तिथे नखाने घासून चकाकी बघा. चिकणमाती चकाकते, सिल्ट निस्तेज राहते.

तिसरा, चुना किती? इथे मोठा सापळा आहे. बागलकोट-कलबुर्गीच्या कोरड्या हवेत भूपृष्ठाजवळ कंकर तयार होतो. जमिनीतलं पाणी वर येऊन उडतं आणि शेलच्या भेगांत पांढरा चुना मागे राहतो. त्यावर आम्ल टाकलं की शुद्ध मातीचा शेलही दणक्यात फसफसतो. म्हणून थेंब भेगेवर टाकू नका. पत्रा मधोमध मोडा, ताज्या आडव्या कडेवर टाका, भिंगातून बघा की बुडबुडे कणाकणातून येतात की पांढऱ्या रेषेतून.

नेमका आकडा हवा असेल तर परतल्यावर प्रयोगशाळेत करा. ५ ग्रॅम भुकटी २५० मिलीच्या बीकरमध्ये, त्यात १० टक्क्यांचं आम्ल थोडं थोडं करून ५० मिली. पूर्ण कॅल्साइट असला तरी ५ ग्रॅमला सुमारे ३५ मिली पुरतं, उरलेलं सुरक्षिततेला. बीकर मोठा कारण फेस वर येतो. बुडबुडे थांबले की आधीच वजन केलेल्या गाळणकागदातून गाळा, धुवा, वाळवा, तोला. दीड ग्रॅम उरलं तर न विरघळणारा भाग ३० टक्के, म्हणजे मातकट चुनखडी. साधारण ३५ ते ६५ टक्के माती असेल तर मार्ल म्हणायला हरकत नाही. डोलोमाइट असेल तर बुडबुडे थांबल्यासारखे वाटले तरी बीकर कोमट करून पुन्हा बघा.

रंगही बोलतो, पण त्याच्यावर फार विसंबू नये. गडद राखाडी-काळा रंग सेंद्रिय द्रव्य किंवा बारीक पायराइटमुळे (लोह आणि गंधकाचं खनिज) येतो आणि ऑक्सिजन कमी असल्याचं सुचवतो, तांबडा रंग फेरिक लोहाचा, हिरवट फेरस लोहाचा. तांबडा रंग भेगांच्या कडेलाच असेल तर तो नंतर आलेला आहे, गाळाचा नव्हे.

सीमा

प्रत्येक थरासाठी दोन नोंदी हव्यात, तळाची सीमा आणि माथ्याची सीमा. चुनखडीचा तळ कसा आणि माथा कसा हे वेगवेगळं लिहा, कारण अर्थ त्यांच्यातल्या फरकात असतो.

सीमा स्पष्ट आहे की हळूहळू बदलणारी, हे डोळ्यांवर सोडू नका. पेन्सिलने सीमेला आडव्या छेदात एकेक सेंटिमीटरवर पाच-सहा टिंबं काढा आणि प्रत्येक टिंबावर भुकटी करून एक थेंब टाका. प्रतिसाद एका टिंबात जोरदार आणि पुढच्यात शून्य झाला तर सीमा स्पष्ट. तीन-चार टिंबांत उतरत गेला तर हळूहळू, आणि किती सेंटिमीटरमध्ये तो बदल झाला तो आकडा लिहा. हवेने चुनखडीची कड इतकी धारदार होते की पाच सेंटिमीटरमध्ये बदलणारी सीमाही लांबून सुरीने कापल्यासारखी दिसते. आम्ल ती फसवणूक उघडी पाडतं.

मग आकार. सपाट, लाटेरी की खरवडलेली? खरवडलेल्या तळाखाली शेलचे पापुद्रे कापलेले दिसतात आणि त्यांचे तुकडे वरच्या चुनखडीच्या तळाशी अडकलेले असतात. खोली मोजा, २ सेंमी की २० सेंमी. चुनखडीचा तळ शेलमध्ये गोल गोळ्यांसारखा बसलेला असेल तर तो ओल्या चिखलावर वजन पडल्याचा परिणाम, प्रवाहाने खरवडल्याचा नव्हे.

आता वाचन. चुनखडीचा तळ स्पष्ट किंवा खरवडलेला, आत कण वर बारीक होत गेलेले, आणि माथा शेलमध्ये हळूच विरलेला, तर ती एका झटक्यात आलेली चुन्याची रेती आहे, वादळाने किंवा गढूळ प्रवाहाने आणलेली. उलट तळ हळूहळू बदलणारा आणि माथा कापल्यासारखा असेल, वर चिखलाच्या भेगा किंवा खडबडीत टणक पृष्ठ असेल, तर पाणी उथळ होत गेलं आणि साचणं थांबलं. तळ-माथा दोन्ही सारखेच हळूहळू बदलणारे असतील तर दोन शक्यता उघड्या ठेवा: गाळात चुना आणि माती यांचं प्रमाण खरोखर बदलत होतं, किंवा नंतर एका थरातला चुना विरघळून शेजारच्यात बसला आणि मूळचा फिकट फरक ठळक झाला. कड्यावर उभं राहून यातलं एक निवडायची घाई करू नये. चुनखडीच्या गाठी एका ओळीत आणि त्यांच्याभोवती शेलचे पापुद्रे वळसा घेत असतील तर दुसरी शक्यता बळावते.

तशी गाठ सापडली तर एक मोजमाप आवर्जून घ्या. गाठीच्या आत शिरणारे तेच पापुद्रे आत किती जाडीत आहेत आणि बाहेर शेलमध्ये किती? आत ६ सेंमी आणि बाहेर २ सेंमी असतील तर गाठ आधी टणक झाली आणि भोवतालचा चिखल निदान एक तृतीयांशावर दबला. त्या कड्यावरच्या सगळ्या शेलची मूळ जाडी आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होती हे या एका गाठीवरून कळतं, आणि चुनखडी-शेल प्रमाणाचा अर्थही बदलतो.

आलेख

पातळ थरांना १:२० प्रमाण घ्या, म्हणजे कागदावर ५ सेंमीला १ मीटर. एकूण जाडी वीस-पंचवीस मीटरच्या वर असेल तर १:५०. पण १:५० ला दोन सेंमीचा थर कागदावर ०.४ मिलिमीटर होतो, काढताच येत नाही. तिथे वर सांगितलेला गट आणि त्याचं प्रमाण लिहा. चुनखडीला विटांची खूण, डोलोमाइटला तिरप्या विटांची, शेलला तुटक आडव्या रेघा, मातकट चुनखडीला दोन्ही मिसळून. आडव्या अक्षावर कणांचा आकार. उजवीकडे रचना, रंग, सीमा, नमुना क्रमांक. झाकलेला भाग कोराच ठेवा आणि त्यावर फुली मारा. तिथे शेल असणार असं वाटलं तरी विटा किंवा रेघा भरू नका. ‘झाकलेलं, ८५ सेंमी, बहुधा शेल’ एवढंच.

नोंद साधारण अशी दिसावी, नमुन्यादाखल:

‘३.४० ते ३.५८ मी. चुनखडी, मडस्टोन पोताची. ताजी गडद राखाडी, हवेने फिकट राखाडी. १६ ते १८ सेंमी, रेषेवर सलग. पृष्ठावर आणि भुकटीवर आम्लाला जोरदार, मागे थोडा चिखल. समांतर पापुद्रे १ ते ३ मिमी. मधोमध एक स्टायलोलाइट, दात ४ मिमी. तळ स्पष्ट, सपाट. माथा ४ सेंमीमध्ये शेलमध्ये विरतो. नमुना ७.’

‘३.५८ ते ३.७० मी. शेल, चुनामिश्रित. ताजा काळपट राखाडी, हवेने पिवळट. २० सेंमी आत खणून पाहिला. पत्रे २ ते ४ मिमी, थरांना समांतर. किंचित करकर. ताज्या कडेवर मंद बुडबुडे, भेगांत कंकर. माथा स्पष्ट, लाटेरी, १ सेंमी खोल.’

अर्थ लावायचा तर वहीच्या समोरच्या पानावर, पेन्सिलने. वर्णनाच्या ओळीत ‘खोल समुद्र’ किंवा ‘वादळी थर’ असे शब्द शिरले की पुढचे दहा थर त्याच चष्म्यातून पाहिले जातात.

नमुने आणि निघताना

नमुना मुठीएवढा पुरे, साधारण १० x ८ x ५ सेंमी, ताज्या पृष्ठाचा. काढण्याआधीच त्यावर वरची दिशा दाखवणारा बाण आणि क्रमांक लिहा, तोच क्रमांक पिशवीवर आणि आलेखावर. शेलचा नमुना वाळला की भुगा होतो, म्हणून कागदात गुंडाळून चिकटपट्टीने बांधा. सीमेचा एक नमुना, ज्यात दोन्ही खडक एकत्र आहेत, मिळाला तर बाकीच्या चार नमुन्यांपेक्षा तो मोलाचा. तो छिन्नीने सावकाश काढावा लागतो. फोटोत मोजपट्टी ठेवा, हातोडा नको, त्याची लांबी कुणाला माहीत नसते.

गाडीत बसण्याआधी दोन बेरजा करा. सगळ्या थरांच्या जाडीची बेरीज आणि तळापासून माथ्यापर्यंत टेपने किंवा काठीने एकदाच मोजलेली एकूण जाडी. फरक पाच टक्क्यांच्या आत असेल तर निघा. जास्त असेल तर बहुतेक वेळा एखादा शेल दोनदा लिहिलेला असतो, किंवा झाकलेला भाग बेरजेत धरायचा राहिलेला असतो. कड्यासमोर हे दहा मिनिटांत सापडतं, पणजीत परतल्यावर सापडत नाही. दुसरी बेरीज चुनखडी आणि शेल यांची वेगवेगळी, खालच्या अर्ध्या भागाची आणि वरच्या अर्ध्या भागाची. दोन अर्ध्यांतलं प्रमाण वेगळं निघालं तर जिथे ते बदलतं त्या जागेची सीमा पुन्हा एकदा जवळून बघून या.